सातशे अडतीसवर

सेलूत वीज जायची
तेव्हा भिंतीपलीकडचं हैदराबाद स्वच्छ व्हायचं.
भारनियमनाचे तीन तास गयासचाचांचे.
वीज आली, मी मॉनिटर लावला
की त्यांच्या रेडिओत
कुणीतरी पत्रा कापायला बसायचं.

मग भिंतीवर टकटक.
पूर्णा जंक्शनला एकतीस वर्षं तार वाजवलेलं बोट ते:
लांब, आखूड, आखूड.
मला वाटायचं, म्हातारं चिडलंय.

शेवटी एकदा दारातच आले, चपला न काढता.
“बाई, तुमचा डब्बा माझं हैदराबाद खातोय. हौ, खरंच.”

माझा डबा तर लग्नपत्रिका करतो.
चि. सौ. कां., गोरज मुहूर्त,
आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं.
रेडिओचा काय संबंध?

रात्री झेरॉक्सच्या वहीमागं हिशेब मांडला.
पडदा सेकंदाला छप्पन वेळा नवा होतो,
किरण ओळी ओढतो
पस्तीस हजार एकशे छप्पन.
गुणिले एकवीस.
उत्तर सातशे अडतीस, वर थोडी चिल्लर.
चाचांच्या डायलवर नेलपेंटचा लाल ठिपका आहे,
नेमकं तिथं.

छप्पनचे साठ केले.
करकर सरकली, थोडी खाली, थोडी वर.
मेली नाही.
जाऊन बसली अशा जागी
जिथं आमच्या गल्लीतलं कुणी ऐकत नाही.
चाचा खूष.
मला मात्र केर एकाच्या दारातून उचलून
दुसऱ्याच्या दारात लोटल्यासारखं झालं.

रविवारी दुकान बंद, कार्ड उघडं.
नांदेडहून आणलेलं, बिलाशिवाय.
निळ्या सॉकेटमागं तीन जागा,
लाल, हिरव्या, निळ्या रंगाची एकेक.
नाव छापलेलं, वस्तू नाही.
गाळणी हवी तिथं नुसता तारेचा तुकडा.
कुठल्या तरी कारखान्यात कुणीतरी
कार्डामागं दोन रुपये वाचवले होते
आणि ते इथं, रोज संध्याकाळी,
एका पेन्शनरकडून वसूल होत होते.

मेलेल्या दुसऱ्या कार्डाचे मणी उपटले, तिळाएवढे.
चिमट्यात धरताना श्वास रोखला,
तरी एक उडाला तो अजून सापडला नाही.
कपॅसिटर आधी सत्तेचाळीसचे लावले:
रेडिओ शांत,
पण पडद्यावरचा अनुस्वार विरघळला,
वंदनाची वदना झाली.
नवरीचं नाव असं खाऊन चालत नाही.
बावीसचे लावले. कडा अजून ओल्या.
दहावर अक्षराला टोक आलं
आणि आवाज बेताचा राहिला.
उरलेल्यासाठी केबलला फेराइटचं कडं,
वर भाकरी गुंडाळायचा चंदेरी कागद,
अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा, मीठ, दोन बादल्या पाणी.
(नळ आठ दिवसांनी येतो.
दोन बादल्या कुणासाठी ओतल्या, आई विचारत होती.)

चाचांनी सुई ठिपक्यावर आणली.
निवेदिका खोकली, माफ कीजिए म्हणाली,
तेसुद्धा ऐकू आलं.
बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.
मग कान अजून जवळ नेऊन:
“आता गिरणीची मोटर कळतेय.
आणि हे बारीक, हे ट्यूबचं चोक. माझ्याच घरचं.
तुमच्या डब्ब्यानं सगळ्यांना झाकून ठेवलं होतं.”

दुसऱ्या संध्याकाळी भिंत वाजली.
लांब, आखूड, आखूड.
हात आपोआप मॉनिटरच्या बटणाकडं गेला
आणि तिथंच थांबला.
त्याचा अर्थ विचारायचा राहूनच गेलाय.
वंदनाची पत्रिका अर्धी झाली होती.
मी बोटानं, चुकलंही असेल,
तसंच उलट वाजवलं.